पोहून आल्यावरची भूक

परवा दुपारी साडेचारला मी ओट्यापाशी उभी राहून कढईतला फोडणीचा भात खात होते. कढईतलाच. ताटली घेण्याइतकाही धीर नव्हता. केसांतलं पाणी मानेवर ठिबकत होतं, खांद्याला पिशवी तशीच, पिशवीत ओला कॉस्च्युम. बोटांना क्लोरीनचा वास आणि त्यावर लिंबाच्या लोणच्याचा खार. ही चव ज्यानं घेतलीय त्यालाच कळेल. कढईत खाल्लं की लग्नात पाऊस पडतो म्हणतात. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आता पडला तर पडू दे.

बरं, दुपारी साडेबाराला जेवण झालं होतं. दोन पोळ्या, गवारीची भाजी, आमटी-भात, सगळं रीतसर. मग तीन ते पावणेचार महापालिकेच्या तलावावर लेडीज बॅच. पंचेचाळीस मिनिटांत असं काय घडतं की पोटात कावळेच काय, अख्खी शाळा सुटते?

तलावावर मी वजन उतरवायला म्हणून गेले होते. दोन महिन्यांत दोन किलो वाढलं. घरात हा विषय निघाला की मी ऐकू न आल्यासारखं करते. कानात पाणी गेलंय हे कारण हाताशी असतंच.

पण मी एकटी नाही. आमच्या बॅचला कुणीतरी बाहेरून बघायला हवं. पाण्यातून निघताना सगळ्या थरथरत, ओठ निळसर, 'आज फार झालं बाई' म्हणत. दहा मिनिटांत कपडे बदलून बाहेरच्या कट्ट्यावर डबे उघडलेले. थालीपीठ, दडपे पोहे, गूळपापडीच्या वड्या, एकीच्या डब्यात तर कायम साबुदाण्याची खिचडी, उपास असो-नसो. वीस वर्षं घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायका एकमेकींच्या डब्यात हात घालून, बोटं चाटत खातात. एकमेकींची नीट आडनावंही माहीत नाहीत, पण कुणाच्या थालीपीठात धणे जास्त असतात ते पाठ आहे.

आमच्यात एक भूलतज्ज्ञ आहे. तिला एकदा विचारलं, हे काय गं? ती थालीपीठ चावत म्हणाली, "गार पडतो आपण, म्हणून." तिचं म्हणणं असं की पाण्याचं तापमान असतं सत्तावीस, फार तर अठ्ठावीस. एवढ्याच तापमानाच्या खोलीत आपण पंखा लावून निवांत लोळतो. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. अंगाला सदतीस राखायचे असतात. मग शरीर आपलं धुमसत राहतं, बाहेर आल्यावरही. पळून-धावून घामाघूम झालेला माणूस आधी पाणी मागतो, जेवण थोड्या वेळानं. अंग तापलेलं असलं की भूक मागे सरते. गार पडलं की पुढे येते.

यावर अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक प्रयोगही झालाय, 2005 मध्ये छापून आला. अकरा पुरुषांना पाण्यात बसवून पंचेचाळीस मिनिटं सायकल मारायला लावली. पाण्यात सायकल! एकदा तेहतीस अंशाच्या पाण्यात, एकदा वीस अंशाच्या गार पाण्यात. दोन्ही वेळा खर्च झालेल्या कॅलरी जवळपास सारख्याच. नंतर समोर खायला ठेवलं, हवं तेवढं घ्या म्हणून. गार पाण्यातून आल्यावर गडी 44 टक्के जास्त जेवले. म्हणजे कष्ट तेवढेच, भूक दीडपटीच्या घरात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले असते तर गूळपापडीही मिळाली असती.

आता कष्टांचंही खरं सांगून टाकते. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी मायकेल फेल्प्स रोज 12000 कॅलरी खातो अशी बातमी फिरत होती. पुढे त्यानंच सांगितलं, एवढं काही मी खात नव्हतो. आठ सुवर्णपदकं मात्र खरी. आम्ही तलावाच्या लांबीत पोहतच नाही, रुंदीत पोहतो. एक रुंदी झाली की बार धरून, पाय हलवत, सुनांबद्दल बोलतो. या हिशेबानं आम्हाला अर्धी खारी पुरायला हवी.

थकवा मात्र खोटा नसतो. नवशिक्या बाईला तर जास्तच, कारण ती पोहत नसते, पाण्याशी भांडत असते. मान वर, पाय खाली, हात चपाती लाटल्यासारखे. छातीवर पाण्याचा दाब, त्यामुळे नुसता श्वास आत घ्यायलासुद्धा बळ लावावं लागतं, आणि तो श्वासही मनाला येईल तेव्हा नाही, पाणी देईल तेव्हा घ्यायचा. घाम येतो तो दिसत नाही. लघवीला मात्र हमखास लागते (तलावाच्या पाण्याविषयी इथे अधिक विचार नको). एवढ्या पाण्यात राहून माणूस तहानलेला बाहेर येतो. आणि ती स्टीलची शिडी! पाण्यात असेपर्यंत आपण हलक्या, जवळजवळ सडपातळ. पहिल्या पायरीला काही नाही, दुसरीला गुडघे बोलतात, तिसरीला कुणीतरी आपलं सगळं वजन हिशेबानं परत करतं. सुट्टे पैसेसुद्धा ठेवून घेत नाही.

कढई खरवडताना आजोळची विहीर आठवली. आठवली म्हणजे आधी भूक आठवली, मग विहीर.

आजोळ कराडजवळ. मळ्यातली विहीर दगडी बांधकामाची, एका अंगाला पायऱ्या. वरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे, कपारीत पारवे. पहिली उडी पडली की फडफडत सगळे वर. कधी कडेनं विरोळा सरकत जायचा आणि कुणीतरी हमखास 'नाग, नाग' म्हणून बोंब ठोकायचं. मामानं माझ्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका चऱ्हाटानं बांधला आणि ढकलून दिलं. शिकवण्याची पद्धत एवढीच. चौथ्या दिवशी ओंडका लहान केला, आठव्या दिवशी सोडला. मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडतेय आणि मामा काठावर बसून तंबाखू मळतोय. मे महिन्यात वर ऊन रटरटायचं, विहिरीचं पाणी मात्र खालच्या अंगाला असं गार की पोटऱ्या आखडायच्या. बोटं सुरकुतेपर्यंत आम्ही बाहेर यायचो नाही. मग तापलेल्या दगडावर पालथं पडायचं. पोटाला चटका, पाठीला ऊन, आणि डोळ्यांवर अशी काही झापड की कुणी उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

आणि मग भूक. मळ्यातून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट, पण त्या वाटेवर कैऱ्या, चिंचेचा पाला, बांधावरचं काहीही तोंडात जायचं. आजी चुलीपुढे असायची. भाकरी तव्यावरून उतरायची ती थेट माझ्या हातात. शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा, वर तेलाची धार. तिसरी भाकरी मागितली की आजी म्हणायची, "हिरीत गेल्तीस का दुस्काळात?"

तिनं बाहत्तरचा दुष्काळ काढला होता. खडी फोडायला गेली होती, सुकडी खाल्ली होती, मिलोच्या लाल भाकरी थापल्या होत्या. त्यामुळे तिच्या तोंडी ही नुसती थट्टा नसावी. ती तिसरी भाकरी वाढायची आणि मी खाताना माझ्याकडे बघत बसायची. चुलीवरची जळायला लागली तरी.

बाराव्या वर्षी मे महिन्यात गेले तर मामी म्हणाली, "आता तू नको जाऊस हिरीवर." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या वयात मुलींना न सांगितलेलंही कळत असतं. मामेभाऊ गेले. दुपारी ओल्या केसांनी, लाल डोळ्यांनी परत आले, आणि ओसरीवर रांगेत बसून भाकरी, भाकरी म्हणून ओरडायला लागले. मी वाढत होते. त्यांच्या अंगाला विहिरीच्या पाण्याचा, शेवाळाचा वास येत होता. सगळ्यांचं झाल्यावर मामीनं मला ताट केलं. मी एक भाकरी खाल्ली. दुसरी जाईना.

त्यानंतर थेट यंदाचा एप्रिल. मधल्या काळात मी जेवले, चांगली जेवले, दोन बाळंतपणांतला डिंक-आळीव खाल्ला, लग्नाकार्यांत जिलब्या खाल्ल्या. भूकही लागायची, घड्याळाप्रमाणे. पण ती वाट बघणारी भूक. ह्यांचं होऊ दे, पोरांचं होऊ दे, मग बघू म्हणणारी. तलावावरच्या पहिल्या दिवशी रिक्षात बसले आणि पोटात जे खवळलं ते चटकन ओळखलं. तीच होती. बांधावरचा पाला ओरबाडणारी. मधली सदतीस वर्षं कुठे होती कोण जाणे.

भूलतज्ज्ञ मैत्रिणीला हे सांगायचं मनात आहे. ती म्हणेल, असं काही नसतं, गार पडतो आपण.

कढई घासायला टाकली तेवढ्यात मुलगा क्लासवरून आला. सॅक भिरकावली, फ्रिज उघडला, ओट्यावर नजर टाकली.

"आई, फोडणीचा भात होता ना?"

"होता," मी म्हटलं, आणि केस पुसायला गेले.