तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री होडी कुठे लावता?

शिडाच्या लहान होडीतून आम्ही दोघं मित्र गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलपासून दक्षिण टोकाच्या पोळे गावापर्यंत गेलो, हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. रात्री होडी कुठे लावता, कोण थारा देतं? थारा देतात ते रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, आणि होडीवाले. ते नसते तर हा प्रवास झालाच नसता.

होडीच्या वाटेने गोव्याचा किनारा जेमतेम शंभरेक किलोमीटरचा. पण फेब्रुवारीत पहाटे सुटलेला मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा उन्हं चढली की पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो सोयीचा, मात्र त्याच्याबरोबर किनाऱ्यावरच्या लाटाही वाढतात. दिवस मावळायच्या आत कुठेतरी टेकावंच लागतं. आणि टेकणं हेच सगळ्यात अवघड.

शापोरा, साळ, तळपण अशा नद्यांच्या मुखाशी वाळू साचते, आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. समोर सरळ मोकळं पाणी दिसत होतं. तेवढ्यात काठावरून एक म्हातारे गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात उतरले, डोक्याचा पंचा सोडून तो एका बाजूला हलवत राहिले. "हांगा रेंव आसा, पुता! भायल्यान यो!" (इथे वाळू आहे, पोरा! बाहेरून ये!) आम्ही बाहेरून वळसा घेतला. जिथून घुसणार होतो तिथे लाट फुटली आणि खालची वाळू उघडी पडली. होडी लागल्यावर त्यांनी आमचं नाव-गावही विचारलं नाही. आधी शिडाचा फाटलेला कोपरा बघितला आणि घरून सुई-दोरा मागवला.

मुरगावचं बंदर वेगळं. तिथे मोठ्या जहाजांची वाट असते, ती काटकोनात ओलांडायची आणि रेंगाळायचं नाही. काब द रामच्या कड्याखाली तर टेकायला जागाच नाही, म्हणून आगोंदला पोचेपर्यंत पुरेल एवढा उजेड हातात ठेवून निघावं, हेही बेतूलच्याच लोकांनी सांगितलं. गालजिबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे रात्री होडी ओढू नका, तळपणला लावा, असं एका मावशींनी बजावलं. जेवण वाढताना बजावलं, आणि आम्ही ऐकलं.

पैसे किती दिले, असंही विचारतात. कुणी घेतले नाहीत. सकाळी रापण ओढली जात होती तिथे आम्ही दोराला हात लावला. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तसा आम्हालाही मिळाला: मूठभर तारले मासे.

एक गोष्ट मात्र मला आतून खुपते. जिथे किनाऱ्यावर अजून होड्या ओढायला जागा आहे, तिथेच आम्हाला उतरता आलं. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात वाळूवर पलंग आणि छत्र्यांची रांग आहे, आणि रापणकारांच्या होड्या कुठेतरी कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या. उद्या आगोंद-पाळोळ्यालाही तेच झालं तर वाऱ्यात सापडलेल्या होडीला पंचा हलवून वाट दाखवायला काठावर कोण असेल? होडी ठेवायची जागा ही मासेमारी करणाऱ्या गावांचा हक्क आहे. गावच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर जरूर जाऊन बसा.

तुम्हाला जायचं असेल तर फेब्रुवारीत निघा, पहाटेचा वारा धरा आणि प्रत्येक मुखाशी आत शिरण्याआधी थांबून काठावरच्या माणसाला विचारा.