जीएसटी रिटर्नमधला तपशील कार्यालयातून फुटला, तर दाद कशी मागायची

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचा रिटर्न, हा त्याचा सगळा धंदाच. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर, बिलाची तारीख, रक्कम, कराचा दर, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड, सगळं एका फाईलमध्ये. ती स्पर्धकाच्या हाती पडली तर पुढच्या कोटेशनला भाव पाडायला त्याला आणखी काही लागत नाही. जीएसटी कायद्याचं कलम १५८ हा तपशील उघड करायला मनाई करतं. अधिकाऱ्याने तो बाहेर दिल्याचा सबळ संशय असेल तर गप्प बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण तक्रार लिहायच्या आधी ही माहिती आणखी कोणाकडे होती ते पाहा. बहुतेक तक्रारी इथेच मार खातात. पोर्टलवर जीएसटी नंबर टाकला की नाव, पत्ता, रिटर्न भरल्याच्या तारखा कोणालाही दिसतात. ती माहिती फुटली असं म्हणता येत नाही. माल वाहतुकीसाठी काढलेल्या ई-वे बिलातली मालाची किंमत ट्रान्सपोर्टरला कळते. सीसी लिमिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी, रिटर्नच्या प्रती बँकेत गेलेल्या असतात. कर सल्लागाराच्या ऑफिसात पासवर्ड अनेकांना ठाऊक असतो. आणि एका सरकारी खात्याने दुसऱ्याला कायद्याच्या कामासाठी माहिती दिली, तर कलम १५८(३) मधले अपवाद लागू होऊ शकतात. म्हणून फुटलेल्या कागदांत फक्त विभागाकडेच असणारी नोंद शोधा: तपासणीत दिलेला जबाब, जप्त वहीचं पान, अधिकाऱ्याने स्वतः तयार केलेला तक्ता. तक्रार त्या नोंदीवर उभी करा.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली असेल तर ज्या फोनवर आली तो जपा, फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट.

तुमची फाईल राज्याकडे आहे की केंद्राकडे, हे पोर्टलवरच दिसतं. त्याप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, दक्षता शाखेला प्रत पाठवा, आवक शिक्का घ्या. फाईल कोणत्या लॉगिनमधून, कधी उघडली गेली याच्या नोंदी जपून ठेवाव्यात, ही मागणी पहिल्याच पत्रात करा. पुराव्याशिवाय एखाद्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन त्याला चोर ठरवू नका. तपशील मांडा आणि चौकशी मागा. निनावी अर्ज तर करूच नका. केंद्राच्या कार्यालयाबाबत सीपीग्राम्स या सरकारी तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथे निपटाऱ्यासाठी २१ दिवसांची मुदत ठरवलेली आहे.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तक्रारीवरची टिपणी आणि कलम १५८(३) खाली तुमची माहिती कोणाला दिली असल्यास तो पत्रव्यवहार, एवढंच मागा. राज्याच्या कार्यालयासाठी अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं; केंद्राच्या कार्यालयाचं मात्र दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

शिक्षेची कलमं जपून वापरा. जीएसटीच्या कलम १३३ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण माहिती जाणूनबुजून उघड केल्याचं सिद्ध व्हावं लागतं आणि सरकारी नोकरावर खटल्याला आधी शासनाची मंजुरी लागते. १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम २८० अनेक जण सर्रास लिहितात. ते फक्त कलम १३८(२) खालच्या आदेशाच्या उल्लंघनापुरतं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२ सुद्धा त्याच कायद्याखालचे अधिकार वापरून मिळवलेल्या माहितीला लागतं. चुकीचं कलम लिहिलं की विभागाला तक्रार निकाली काढायचं आयतं कारण मिळतं.

विभाग हललाच नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. नाशिक जिल्ह्याचं रिट मुंबईच्या मुख्यपीठात जातं, छत्रपती संभाजीनगरला नाही. भरपाईपेक्षा कालबद्ध चौकशी आणि लॉगिनच्या नोंदी जपण्याचा आदेश मागणं मला जास्त पदरात पडणारं वाटतं.

या सगळ्यात तुमच्यावर करमागणीची नोटीस चालू असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. माहिती फुटली म्हणून करमागणी आपोआप रद्द होत नाही. तिचं उत्तर मुदतीतच द्या, आणि आदेश निघाला तर तीन महिन्यांत, वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरून, वेगळं अपील दाखल करा.