आधी भिंतीवर पेपर चिकटवा, प्रोजेक्टर नंतर घ्या

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची बेडरूम रिकामीच होती, तिथे होम थिएटर करायचं ठरलं आणि दुकानात गेलो तर पहिलाच सल्ला, 120 इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप) स्क्रीन लावून टाका. मलाही तेच हवं होतं खरं सांगायचं तर. पण ऑर्डर द्यायच्या आधी रद्दीतले पेपर काढले आणि मास्किंग टेपने भिंतीवर तेवढा आकार चिकटवला, जवळजवळ पावणेनऊ फूट रुंद आणि पाच फूट उंच. भिंत साडेदहा फुटांची, म्हणजे दोन्ही बाजूंना स्पीकरला धड एक फूटही उरत नव्हता.

मग बाबांना समोर दिवाणावर बसवलं. त्यांच्या डोळ्यांपासून भिंत 11 फूट. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, अरे या टोकाचं बघताना त्या टोकाचं सुटतंय. हिशोब केला तर 120 इंचाला नजरेचा कोन, म्हणजे डोळ्यापासून स्क्रीनच्या दोन टोकांमधला, 43 अंश येतो आणि 100 इंचाला साधारण 37. सिनेमाच्या चित्र-आवाजाचा दर्जा प्रमाणित करणारे टीएचएक्सवाले 40 च्या आसपास सांगतात, एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही इंजिनिअरांच्या संस्थेचं म्हणणं निदान 30 तरी असावा, म्हणजे 100 इंच अगदी मधे बसतं. शिवाय 120 चं क्षेत्रफळ 100 च्या जवळपास दीडपट, तोच प्रकाश तेवढ्या जागेवर पसरणार म्हणजे चित्र तितकंच फिकं. मी 100 वर थांबलो आणि मला ते मनापासून पटलंय. सव्वासात फूट रुंद चित्र घरात काही लहान नसतं हो.

पण खरा घोळ पंख्याचा. परदेशी व्हिडिओंमधे कोणी पंख्याबद्दल बोलतच नाही आणि आपल्याकडे तर प्रत्येक खोलीत बरोबर मधोमध पंखा. आमचा छतापासून सव्वा फूट खाली आहे. दुकानवाल्याचा बेत होता मागे छताला प्रोजेक्टर टांगायचा, म्हणून मी काय केलं, लेन्स जिथे येणार तिथे खिळा मारला आणि तिथून सुतळीचे चार तुकडे भिंतीवरच्या पेपरच्या चार कोपऱ्यांपर्यंत ताणून बांधले. 120 च्या आकाराला पंखा हाताने हळूच फिरवला तर वरच्या दोन्ही सुतळ्यांना पातं घासलं, सुतळीवर धुळीची काळी रेघ उठली. म्हणजे सिनेमा चालू असताना चित्राच्या वरच्या भागात सतत पात्याची सावली फडफडणार. 100 ला सुतळी पात्याच्या जेमतेम खालून जात होती, पंखा थोडा हलला तरी लागेल इतकी.

मग छत सोडूनच दिलं. बसल्यावर डोळे जमिनीपासून 40 इंचांवर येतात, स्क्रीनची खालची कड 24 वर धरली की नजर खालच्या तिसऱ्या भागात पडते आणि वरची कड 73 इंचांवर. बऱ्याच डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरची लेन्स उलटी टांगली की वरच्या कडेच्या थोडी वर लागते, म्हणून मागच्या भिंतीवर लेन्स 78 इंचांवर येईल अशी फळी ठोकली, प्रोजेक्टर फळीच्या खालून उलटा. आता सगळ्या सुतळ्या पंख्याच्या चांगल्या फूटभर खालून जातात. छतावरून तिरका मारून कीस्टोनने, म्हणजे वाकडं चित्र प्रोजेक्टरमधेच सरळ करायच्या सोयीने, सरळ करता येतं असं सगळे सांगतात पण त्यात पॅनलचे (आतल्या चित्र बनवणाऱ्या चिपचे) पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं थोडी मऊ होतात, मला ते बघवत नाही.

लेन्स ते स्क्रीन 12 फूट म्हणजे 144 इंच, भागिले चित्राची रुंदी 87, थ्रो रेशो आला 1.65. हा आकडा कागदावर लिहून दुकानात गेलो आणि झूमच्या रेंजमधे 1.65 बसतो तेच मॉडेल दाखवा म्हटलं. दोन मॉडेलं तिथेच बाद झाली.

एचडीएमआय वायर भिंतीच्या कडेकडेने फिरून 10 मीटर होते, म्हणून प्लास्टरच्या आधीच पाइप टाकून घेतलाय. आता बाजूच्या भिंतींचा पांढरा रंग काढून गडद राखाडी द्यायचाय, पुट्टीवाला सोमवारी येतोय.