बी तेच, मग भोपळा वेगळा का?

आमच्याकडून लाल भोपळ्याचं बी नेणारी घरं बरीच झाली आहेत. इंदूरच्या रामबागेतली आहेत, सुदामा नगरातली आहेत, बायपासकडच्या नव्या कॉलन्यांमधलीही आहेत. गणपतीच्या आरतीला नाहीतर चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यातलं कुणीतरी भेटतं आणि तोच प्रश्न येतो. "काकू, तुमचंच बी लावलं. पहिल्या वर्षी अगदी तुमच्यासारखा भोपळा आला. त्यातलं बी राखून दुसऱ्या वर्षी लावलं, तर काहीतरी लांबुळकं, हिरवट, पाणचट आलं. असं कसं?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी हे बी कुठलं ते सांगते. ते सासूबाईंच्या माहेरचं, देवासकडच्या एका खेड्यातलं. भोपळा चपटा, अंगावर खोल कंगोरे, पिकला की विटकरी रंग आणि वर पांढरट लव. देठ कडक आणि पाच कोनांचा, फळाला टेकतो तिथे पसरट होणारा. हा देठ नीट बघून ठेवा, कारण जात ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. वनस्पतिशास्त्रात याला कुकुर्बिटा मोशाटा म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक लाल भोपळे याच जातीचे, कारण उष्ण आणि दमट हवा हिला मानवते. दुसरी जात मॅक्झिमा, तिचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असतो. आमच्या भोपळ्याचा गर घट्ट, केशरी, शिजल्यावर पाणी न सोडणारा. घारगे करायचे तर असाच भोपळा लागतो. पाणचट भोपळ्याचा कीस गुळात शिजवला की त्याचं नुसतं पाणी होतं, मग कणीक वाढवावी लागते आणि शेवटी खाताना भोपळ्याची चव कुठे लागतच नाही.

आता मूळ प्रश्न. लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ लांब आणि बारीक. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासून धरलेला असतो. नराचे पराग मादीपर्यंत नेण्याचं काम माश्या करतात. आपल्याकडे सातेरी, आग्या, फुलोरी अशा सगळ्या मधमाश्या त्यावर येतात. मधमाशी एक-दीड किलोमीटर सहज फिरते. तुमच्या वेलावर बसण्याआधी ती पलीकडच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी गच्चीवरून आलेली असते, आणि तिथे बाजारच्या हिरव्या चट्टेरी कद्दूचा वेल असतो. तोही मोशाटाच. दोन्हींचा संकर बिनबोभाट होतो.

इथे बहुतेकांची गफलत होते. संकर झाला तरी त्या वर्षीचा भोपळा बिघडत नाही. साल, गर, कंगोरे, गोडी, सगळं ज्या वेलावर फळ धरलं त्या वेलाचं असतं. बापाचा हिस्सा फक्त आतल्या बियांत उतरतो. म्हणून पहिल्या वर्षी तुम्हाला आमच्यासारखाच भोपळा मिळाला आणि तुम्ही निर्धास्त झालात. पण त्याच्या पोटातल्या बिया तेव्हाच मिश्र झालेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी जे उगवलं ते आमच्या भोपळ्याचं आणि गल्लीतल्या कद्दूचं अपत्य होतं. त्यात तुमच्या मातीचा दोष नाही, खताचा नाही, तुमच्या हाताचा तर मुळीच नाही.

"मग तुमच्या सासूबाई काय करत होत्या?" असंही विचारतात. सासूबाईंनी माहेरी कधी एक फूलसुद्धा बांधलं नाही, म्हणजे माशी शिरू नये म्हणून कळीचं टोक धाग्याने बंद केलं नाही. त्यांना गरजच नव्हती. त्या गावात कुंपणाकुंपणावर हाच भोपळा होता. माशी कुठूनही आली तरी तेच पराग घेऊन यायची. सगळं गाव मिळून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बी शुद्ध राखत होतं. इंदूरला आल्यावर ते गावाचं कुंपण नाहीसं झालं. इथे प्रत्येक घरचं बी वेगळं. गावाने नकळत केलेलं काम शहरात एकेका घराला जाणूनबुजून करावं लागतं, आणि मला सांगायचं आहे ते हेच. मी बी देते तेव्हा जुना वाण अर्धाच देते. उरलेला अर्धा म्हणजे श्रावणातल्या पहाटेचं काम. ते केलं नाही तर वाण एका पिढीत हातचा जातो.

बियाणं तयार करणारे शेतकरी दोन वाणांमध्ये अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवतात. शहरात ते कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून फूल बांधायचं.

पहिला पाऊस होऊन जमिनीची वाफ गेली की मी बी लावते. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते आणि भोपळ्याची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात, म्हणून खड्डा न करता उंचवटा करावा, त्यात चांगलं कुजलेलं खत मिसळावं आणि इंचभर खोल बी टोचावं. आठवड्याभरात उगवतं. दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येऊन पानं चाळणीसारखी करतात. सकाळी दव असताना राख भुरभुरली की ते पुष्कळ आवरतात. साधारण दीड महिन्यात फुलं येऊ लागतात, आणि सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात. ती गळतात म्हणून घाबरायचं कारण नाही, ती गळायचीच. हां, वेल काळाभोर होऊन सगळीकडे पसरतोय आणि मादी फूल दिसतच नाही असं झालं, तर शेणखत, युरिया जे काही घालत असाल ते थांबवा. नत्र जास्त झालं की वेल पानांतच रमतो.

मादी फुलं दिसू लागली की संध्याकाळी वेलापाशी जायचं. उद्या उमलणारी कळी ओळखू येते. ती हिरवी राहत नाही, टोकाशी पिवळी झालेली असते आणि फुगलेली दिसते. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडायच्या आणि त्यांची टोकं लोकरीच्या धाग्याने हलकेच बांधून टाकायची, म्हणजे पहाटे माशी आत शिरणार नाही. शक्य असेल तर नर दुसऱ्या वेलावरचे घ्यावेत, अर्थात त्याच बियाच्या. एकाच वेलावरचे घेतले तरी फळ धरतं, पण दोन-चार वेलांचं रक्त बियांत राहिलेलं चांगलं.

सकाळी लवकर उठायला पर्याय नाही. ही फुलं उजाडताना उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. चहा, पेपर, मग बगीचा, असं केलंत तर परागांची ताकद गेलेली असते. नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आणि आतला परागांनी भरलेला दांडा मादी फुलाच्या मधल्या गोळ्यावर सगळ्या बाजूंनी फिरवायचा. त्या गोळ्याचे तीन भाग असतात, तिन्हींना पराग लागले पाहिजेत, नाहीतर भोपळा एका अंगाने वाढतो. लगेच मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं आणि देठाला रंगीत धागा सैल गुंडाळायचा, पुढे खूण म्हणून. पाऊस चालू असेल तर छत्री धरून करायचं, कारण पराग भिजले की वाया जातात. आमच्याकडे छत्री धरायचं काम यजमानांचं.

चार-पाच दिवसांत तो इवला भोपळा फुगू लागला तर जमलं. पिवळा पडून गळला तर दुसरी कळी बघायची. लहान भोपळ्याला बोट दाखवलं की तो नासतो, असं आपल्याकडेही म्हणतात आणि इथल्या माळवी घरांतही म्हणतात. बोटाने काही होत नाही. पराग नीट पोचले नाहीत की वेल ते फळ सोडून देतो, नाहीतर फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि आतून अळ्या पडतात. म्हणून फळ धरल्यावर मी त्याला जुन्या मलमलीची सैल पिशवी घालते, आणि वेलाजवळ फळमाशीचा सापळा टांगते. पण त्या समजुतीमागची काळजी मला मोलाची वाटते. नव्या फळाला हात लावू नका, हेच तर त्या बायका पोराबाळांना सांगत होत्या.

दुसरी अडचण अशी की वेलावर आधीच दोन भोपळे वाढत असले, तर तो तिसरं फळ टिकवत नाही. म्हणून माश्यांनी धरवलेली पहिली फळं कोवळी असतानाच काढायची. ती वाया जात नाहीत. तेवढ्यात ऋषिपंचमी येते आणि ऋषीच्या भाजीला परसातला, बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेला भोपळा लागतोच. अळू, भेंडी, शिराळं, मक्याचं कणीस यांच्याबरोबर ही कोवळी फळं जातात आणि वेल आपली सगळी ताकद धागा बांधलेल्या फळाला देतो.

हे पीक मुळात आपल्याकडचं नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. लाल भोपळे सगळे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतल्या ग्विला नाकित्झ गुहेत यांच्याच एका भावंड जातीच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या. आपल्याकडे भोपळा पोर्तुगीजांच्या येण्यानंतर आला, आणि आज तो ऋषीच्या भाजीत आहे, श्राद्धाच्या स्वयंपाकात आहे, भंडाऱ्यात पुरीबरोबर आहे. कुणीतरी दरवर्षी बी राखलं म्हणून तो इथवर पोचला.

इंदूरकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 2017 साली स्वच्छतेत आपल्या शहराचा पहिला नंबर आला, त्या सुमारापासून ओला कचरा घरीच जिरवण्याची सवय खूप घरांना लागली. फार चांगलं झालं. पण त्या खतात बाजारच्या भोपळ्याच्या बिया असतात आणि त्या न लावता उगवतात. तुम्ही आमचं बी टोचता, शेजारी खतातला कद्दू आपोआप वर येतो, दोन्ही वेल एकमेकांत जातात आणि कुठला कुठला ते कळत नाही. खतातून आलेलं रोप दिसलं की लहानपणीच उपटा, किंवा वेगळ्या कोपऱ्यात वाढू द्या आणि भाजीला वापरा. त्याचं बी मात्र राखू नका. पाकिटावर एफ-वन लिहिलेल्या संकरित बियांचंही तसंच. पहिलं पीक सुरेख येतं, पण त्याच्या बियांतून पुढे एकेक फळ वेगळं निघतं. बाजारातूनच आणायचं असेल तर अर्का चंदनसारखा सरळ वाण घ्या, तो बी धरून ठेवता येतो.

दुधी किंवा कोहळा शेजारी असेल तर चिंता नको. दुधीची फुलं पांढरी आणि संध्याकाळी उमलणारी, ती जातच निराळी. कोहळ्याचाही याच्याशी संकर होत नाही. दोडकी, काकडी, कारलीसुद्धा खुशाल लावा.

धाग्याचा भोपळा वेलावर पुरता पिकू द्यायचा. नखाने साल खरवडली जात नाही आणि देठ वाळला, की काढायचा, तोही चांगला वीतभर देठ ठेवून. देठ मोडला की तिथूनच सड सुरू होते. दिवाळीच्या आसपास हे होतं. मग आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवून नंतर खोलीत पोत्यावर, एकमेकांना न टेकता. लगेच कापू नका. निदान महिनाभर थांबा. त्या काळात पिष्टाची साखर होऊन गर गोड होतो आणि बियाही आत भरत राहतात. फार महिने ठेवला तर कधीकधी बी आतच मोड धरतं, म्हणून मी संक्रांतीच्या सुमारास कापते. गराचे घारगे आणि दह्यातलं भरीत होतं. बिया धुऊन, चिकटपणा काढून सावलीत वाळवायच्या. कागदावर नको, चिकटतात, ताटात वाळवा. बी वाकवून बघायचं. लवलं तर अजून ओलावा आहे, तडकन मोडलं तर वाळलं. मग काचेच्या बरणीत, कोरडी राख घालून, वर साल लिहून. चार-पाच वर्षं उगवण टिकते.

एका भोपळ्यातून शे-दोनशे बिया सहज निघतात, त्यामुळे सगळ्यांनी सगळं करण्याची गरज नाही. एका कॉलनीतल्या तीन-चार घरांनी हेच बी लावलं आणि प्रत्येकाने आपल्या वेलावरचं एकच फूल बांधलं, नर फुलं एकमेकांकडून आणली, तरी पुरे. सुदामा नगरातल्या दोघी जावा गेल्या पावसाळ्यापासून असंच करतात. यंदा बी न्यायला याल तेव्हा बिगर-धाग्याचं मागू नका, मी देणार नाही. ज्यांना फूल बांधायला शिकायचं आहे त्यांनी ऑगस्टमध्ये एखाद्या संध्याकाळी यावं, कळी कशी ओळखायची ते वेलावरच दाखवते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत मात्र परत यायला हवं.