घरच्या स्क्विड प्रॉक्सीवर कर्बरॉस: तिसऱ्या आठवड्याची नोंद

घरातला ब्राउझर स्क्विड या प्रॉक्सीतून, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरमधून, इंटरनेटवर जातो, आणि दर वेळी पासवर्ड न विचारता तिकिटांनी ओळख पटवणारी कर्बरॉस ही पद्धत मी त्यावर बसवत आहे. काल रात्री स्क्विडच्या ॲक्सेस लॉगमध्ये वापरकर्त्याच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघेऐवजी पहिल्यांदा माझे नाव आणि त्यापुढे रेल्मचे (एका कर्बरॉस व्यवस्थेखालील वापरकर्ते आणि यंत्रे यांच्या समूहाचे) नाव उमटले. पासवर्डची खिडकी न उघडता ब्राउझर प्रॉक्सीतून बाहेर पडला. पाहून फार समाधान वाटले. तिथवर पोहोचेपर्यंत काय काय अडले, ते आठवणीत ताजे असतानाच लिहून ठेवतो.

मांडणी साधी आहे. डेबियन टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर एमआयटी कर्बरॉसचे केडीसी (तिकिटे देणारा सर्व्हर), रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ३१२८ पोर्टला स्क्विड, आणि रोजच्या लिनक्स लॅपटॉपवर फायरफॉक्स. नावांसाठी घरगुती नेटवर्ककरिता राखून ठेवलेले होम.आर्पा हे डोमेन घेतले आहे.

सुरुवातीचे दोन दिवस मी ४०७ या आकड्याला (प्रॉक्सीच्या ‘आधी ओळख पटवा’ या उत्तराला) घाबरण्यात घालवले. वास्तविक पहिली विनंती ओळखीशिवायच जाते, स्क्विड ४०७ पाठवून ‘निगोशिएट’ पद्धतीने ओळख मागतो, आणि मग ब्राउझर तीच विनंती तिकिटासह पुन्हा पाठवतो. म्हणजे सगळे सुरळीत असतानाही लॉगमध्ये एक ४०७ दिसणारच. दुसऱ्या विनंतीलाही ४०७ आला, तरच बिघाड शोधायचा. तो शोधताना मला सर्वांत उपयोगी पडली ती वापरकर्त्याच्या लॅपटॉपवरची, मिळालेल्या तिकिटांची यादी दाखवणारी के-लिस्ट ही आज्ञा. यादीत प्रॉक्सीच्या नावाचे एचटीटीपी तिकीट नसेल, तर गडबड लॅपटॉप आणि केडीसी यांच्यामध्ये आहे. तिकीट असूनही प्रवेश मिळत नसेल, तर प्रॉक्सीच्या बाजूला बघावे. हे आधी केले असते, तर पहिल्या आठवड्यात स्क्विडची कॉन्फिग फाइल दहा वेळा बदलावी लागली नसती.

माझ्या यादीत तिकीट नव्हतेच. केडीसीच्या लॉगमध्ये ‘अननोन सर्व्हर’ असा शेरा होता, आणि त्यात मागितलेले नाव ‘प्रॉक्सी’ नसून ‘रास्पबेरीपाय’ होते. ब्राउझरमध्ये मी प्रॉक्सीचे पूर्ण नाव अचूक भरले होते. पण कर्बरॉसची लायब्ररी त्या नावावरून आयपी पत्ता काढते आणि त्या पत्त्यावरून पुन्हा उलटे नाव विचारते. माझा राउटर त्या उलट्या प्रश्नाला पायचे मूळ यंत्रनाम सांगत होता, आणि त्या नावाचा प्रिन्सिपल, म्हणजे केडीसीतली नोंद, मी कधी तयारच केला नव्हता. लॅपटॉपवरच्या, हाताने लिहिलेल्या कर्बरॉसच्या कॉन्फिगमध्ये ‘आरडीएनएस’, म्हणजे हे उलटे विचारणे, बंद करणारी ओळ घातली आणि पुढच्याच प्रयत्नात तिकीट मिळाले.

तरीही ४०७ कायम. आता स्क्विडचा कॅशे लॉग सांगत होता की आवृत्ती ३ ची किल्ली की-टॅबमध्ये (प्रॉक्सीच्या गुप्त किल्ल्या ठेवलेल्या फाइलमध्ये) सापडत नाही. याचे कारण पूर्णपणे माझ्या हातचे होते. यादृच्छिक किल्लीसह प्रिन्सिपल बनवला तेव्हा आवृत्ती १ होती. की-टॅब काढताना नवी किल्ली तयार होऊन ती २ झाली. ती फाइल पायवर नेल्यानंतर ‘एकदा तपासून पाहू’ म्हणून मी केडीसीवर दुसऱ्या फाइलमध्ये पुन्हा की-टॅब काढला आणि आवृत्ती ३ झाली. की-टॅब काढणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे, त्यात किल्ली बदलते, ही गोष्ट मनात पक्की बसायला मला एक अख्खा रविवार लागला. नवी फाइल पायवर नेली. ती रूटच्या मालकीची राहिल्याने स्क्विडच्या मदतनीस प्रोग्रॅमला वाचता येईना. डेबियनवर तो ‘प्रॉक्सी’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, म्हणून त्या गटाला वाचण्याची परवानगी दिली.

यानंतर सगळे चालू झाले, आणि बुधवारी संध्याकाळी वीज जाऊन आल्यावर पुन्हा बंद पडले. या वेळी कॅशे लॉगमध्ये घड्याळांतील तफावतीची तक्रार होती. पाय ४ मध्ये स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते. तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की सुधारतो. परंतु त्या दिवशी वीज आल्यावरही बराच वेळ इंटरनेट नव्हते. कर्बरॉस सर्वसाधारणपणे ३०० सेकंदांपर्यंतचाच फरक चालवून घेतो, आणि माझा पाय तब्बल चाळीस मिनिटे मागे होता. केडीसीच्या लॅपटॉपचे घड्याळ बरोबर असल्याने आता तिथेच क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवून पायला तिथून वेळ घ्यायला लावले आहे, आणि वेळ जुळेपर्यंत स्क्विड सुरू होऊ नये अशी अटही घातली आहे. मुद्दाम प्लग काढून तीनदा तपासले. तिन्ही वेळा प्रवेश मिळाला.

एक काम उरले आहे. भाच्याचा विंडोज लॅपटॉप आमच्या रेल्ममध्ये नाही, त्यामुळे तो कर्बरॉसऐवजी एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या ओळख-पद्धतीचे टोकन पाठवतो. हा फरक टोकनच्या पहिल्याच अक्षरांवरून कळतो: कर्बरॉसचे टोकन बहुधा ‘वाय-आय-आय’ने सुरू होते, एनटीएलएमचे ‘टी-एल-आर-एम’ने. भाच्यासाठी वेगळे पोर्ट उघडावे की त्याला रेल्ममध्ये घ्यावे, हे त्याच्याशी बोलून येत्या शनिवारी ठरवेन.