‘अफर्म’ आणि ‘कन्फर्म’

खानापूर तालुक्यातल्या एका आजींचं ॲफिडेव्हिट नातू टाइप करूनच घेऊन आला होता. शाळेच्या दाखल्यावर सुंदरा, पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, सुंदरव्वा. दोन्ही नावं एकाच बाईची, एवढंच लिहून द्यायचं होतं. मी पहिल्याच ओळीवर थांबलो. ‘सॉलेम्नली अफर्म’च्या जागी ‘सॉलेम्नली कन्फर्म’. मराठीत ‘पुष्टी करते’ लिहून मोबाइलवर त्याचं इंग्रजी केलेलं.

कन्फर्म म्हणजे आधीच्या बोलण्याला दुजोरा. अफर्म म्हणजे स्वतः प्रतिज्ञेवर सांगणं. देवाची शपथ घ्यायची तर ‘स्वेअर’, नाहीतर ‘अफर्म’; १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही नमुने दिलेत. खोटं निघालं तर माणूस अडकतो तो याच क्रियापदामुळे, म्हणून ते सैल ठेवून चालत नाही.

आपल्या भागात ‘प्रमाण’ या शब्दानेही घोटाळा होतो. मराठीत तो पुरावा, कन्नडमध्ये शपथ. ‘प्रमाण माडरी’ (शपथ घ्या) ऐकल्यावर आजी पिशवीतून दाखला काढायला लागल्या.

अफर्म सुरुवातीला एकदाच. पुढे प्रत्येक परिच्छेदात ‘स्टेट’ पुरतं. विनंती असेल तिथे ‘सबमिट’. ‘डिक्लेअर’ नाव बदलताना शोभतं. इथे नाव बदलायचं नव्हतं, दोन नावं एकाचीच म्हणायचं होतं. ‘अनाउन्स’ तर कुठेच नको.

खरी चूक शेवटी, सत्यापनात होती, म्हणजे वरचा मजकूर खरा असल्याचं लिहून देतात त्या भागात. ‘परिच्छेद १ ते ५ माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे’ असं एका दमात लिहिलेलं. चौथ्यात जन्मतारीख होती. स्वतःचा जन्म कुणी स्वतः पाहिलेला नसतो! म्हणून १ ते ३ आणि ५ स्वतःच्या माहितीचे, चौथा ‘दाखल्यावरून मिळालेल्या आणि खऱ्या मानलेल्या माहितीचा’, असे दोन भाग केले. गावाचा जिल्हाही दाखल्यात होता तसा ‘बेळगाव’च ठेवला, ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव २०१४ पासूनचं.

घरी केलेली सही चालत नाही, ती नोटरीसमोरच हवी. आणि ‘मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला’ ही ओळ इंग्रजी कागदावर हवीच. ती नुसती टाइप करून भागत नाही, खरंच वाचावं लागतं.

वाचलं. चौथ्या परिच्छेदाला आजींनी हात वर केला. “दाखल्यात जून घातलाय मास्तरांनी. आई सांगायची, मी आषाढातली.”

तो परिच्छेद पुन्हा टाइप केला: दाखल्यातली तारीख वेगळी, आईकडून ऐकलेलं वेगळं. मग आजींनी देवनागरीत सही केली.