दोन भोकांच्या मध्ये

परवा दुपारी चौकोनी पाइपवर भोकांच्या खुणा करत बसलो होतो. पंचवीस मिलिमीटर, परत पंचवीस, परत पंचवीस. पाचव्या खुणेला हात थांबला. आजवर जेवढ्या मागेपुढे होणाऱ्या वस्तूंशी माझा संबंध आला, त्या सगळ्यांत मला हवी ती जागा नेमकी दोन भोकांच्या मधे असते. कमरेचा पट्टाच घ्या. एका भोकात श्वास अडकतो, पुढच्यात पँट घसरते. आणि आता स्वतःच्या हातांनी बनवत असलेल्या सायकलीतही मी तेच करायला निघालो होतो!

सायकल रिकंबंट आहे. मागे रेलायचं, पाय पुढे ताणायचे आणि पेडल मारायचं. घरात तिला 'उताणी' म्हणतात. १९३३ साली फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच गड्याने शार्ल मोशेच्या असल्याच सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली, की ही त्यात बसू नये. रेलून जिंकलेलं लोकांना पटत नाही, दुसरं काय.

तर सीट. साध्या सायकलीची वरखाली होते, हिची मागेपुढे व्हायला हवी. सीट पक्की ठेवून पेडलंच पुढेमागे करता येतात, पण मग दर वेळी चेन कमीजास्त करत बसा. म्हणून सीटच सरकवायची ठरवली. आधी नुसते यू-बोल्ट आवळले होते. भोकं नाहीत, हवं तिथे थांबा. मी खूश. पण साध्या सायकलीवर आपलं वजन सीटला खाली दाबतं. इथे पाय जेवढा जोर लावतो, तेवढीच पाठ सीटला मागे रेटते. पहिलाच चढ संपेपर्यंत सीट चार बोटं मागे गेली होती आणि मी चवड्यांनी पेडल चाचपत होतो. मग झक मारत भोकं आणि आरपार खीळ.

लहानपणी ताईला आणि मला मिळून एकच सायकल होती. ताई माझ्याहून उंच. दर वेळी पाना घ्यायचा, सीट खालीवर करायची आणि त्यावरून भांडायचं. शेवटी तिने सीटच्या दांडीवर खिळ्याने स्वतःची रेघ ओढली. मीही ओढली, पण माझी जिथे असायला हवी त्याच्या बोटभर वर. उंच दिसायला! वर्षभर मी त्या खोट्या रेघेवर सीट चढवून, प्रत्येक पेडलला कुल्ले डावीउजवीकडे घसटत सायकल चालवली. मांड्या सोलवटल्या, पण रेघ खाली आणली नाही. ताईला ठाऊक असणार. ती काही बोलली नाही, एवढंच आठवतं. पुढे कधीतरी दोघांना एकच उंची चालायला लागली आणि पाना गंजून गेला.

असो. भोकांवर उपाय सापडला, तोही व्हर्नियरचा, म्हणजे बारीक मापासाठी वेगवेगळ्या अंतरांच्या खुणांच्या दोन पट्ट्या एकमेकींशेजारी सरकवायच्या. पाइपवर भोकं पंचवीस-पंचवीस मिलिमीटरवर आणि सीटखालच्या पट्टीवर वीस-वीसवर, अशी पाच. कुठलं तरी एक भोक कुठल्या तरी दुसऱ्याशी जुळतं आणि सीट पाच-पाच मिलिमीटरने सरकते. शाळेत व्हर्नियरचं माप कधी नीट घेता आलं नव्हतं, ते असं फिटलं. भोकं पाइपच्या बाजूला, उंचीच्या बरोबर मध्यावर पाडली; वाकताना सगळ्यात जास्त ताण वरच्या-खालच्या पत्र्यावर येतो, तिथे ड्रिल लावायचं नाही.

मग जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ करून, भिंतीपासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. खीळ घातली, बसलो. पहिल्या फटक्यात बरोबर. बाकीची भोकं कशाला पाडली, हा प्रश्न त्यानंतर पडला.

संध्याकाळी ताईला फोटो पाठवला. गुडघा दुखायला लागल्यापासून तिने सायकल सोडली आहे. म्हणाली, "ही मला झेपेल का रे?" मी म्हटलं, भिंतीला टेकून बस आणि टाचेपर्यंत मोज.

तिने कळवलेलं माप माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त आहे. मला ते खरं वाटत नाही.